ड्यूशेन असलेल्या भाच्याला औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यायचं आहे, चोपड्याहून सुरुवात कुठून करावी?

चोपडेकर मामा

नमस्कार मंडळी. भाचा ८ वर्षांचा, वजन २४ किलो. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणारा जन्मजात आजार. एमएलपीए या जनुक तपासणीच्या रिपोर्टात ‘एक्सॉन ४८ ते ५० डिलीशन’ असं लिहिलंय. चालतो, पण जिना कठडा धरून चढतो आणि जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो. डिफ्लाझाकॉर्ट हे स्टिरॉइड १८ मिलिग्रॅम रोज सकाळी चालू आहे. बहीण-मेहुणे केळीची शेती करतात, मुक्काम चोपडा तालुका.

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘ड्यूशेनसाठी स्टेम सेल ट्रायल, नोंदणी २ लाख, जागा मर्यादित.’ घरचे पैसे जमवायला लागलेत. हे खरं आहे का? खरी ट्रायल शोधायची कशी? पोऱ्या डमी औषधाच्या गटात गेला तर वर्ष वाया जाणार का? काही इजा झाली तर जबाबदार कोण? आणि मध्येच सोडता येतं का? जाणकारांनी नीट सांगावं, घाईत निर्णय नको आहे.

नाशिकचा कोऑर्डिनेटर

मामा, दोन लाख देऊ नका. बाकी सगळं नंतर बोलू, हे आज घरी सांगा.

ट्रायलमध्ये औषध, तपासण्या आणि ट्रायलसाठीच्या फेऱ्या यांचा खर्च प्रायोजक, म्हणजे ट्रायल करणारी कंपनी किंवा संस्था, करतो. पेशंटकडून ‘नोंदणी फी’ घेणारी ट्रायल ही ट्रायल नाही. स्टेम सेलबाबत तर आयसीएमआरची (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठी होणारं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळा वापर संशोधनात मोडतो. तो मंजूर ट्रायलमध्येच करायचा आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. मेसेज पाठवणाऱ्याला एकच विचारा: सीटीआरआय नंबर काय? तो ‘सीटीआरआय, वर्ष, महिना, सहा आकडे’ असा असतो. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला.

नंबर दिला तरी पुढचं स्वतः तपासा. सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, आयसीएमआरची, २००७ पासून चालू. पत्ता सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन, बघायला पैसे लागत नाहीत. शोधाच्या चौकटीत ड्यूशेनचं इंग्रजी स्पेलिंग टाका, मग नुसतं ‘मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ टाकून पुन्हा एकदा शोधा, कारण काही ट्रायलच्या नावात ड्यूशेन हा शब्दच नसतो. पान उघडलं की शीर्षकात वेळ घालवू नका, खाली या. भारतातली भरतीची स्थिती ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ आहे का? साइट्सच्या तक्त्यात कुठलं हॉस्पिटल आहे? त्याच हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीपुढे (ट्रायल नीतीला धरून आहे का हे तपासणारी समिती) ‘अप्रूव्ह्ड’ लिहिलंय का? डीसीजीआय, म्हणजे देशाचे औषध नियंत्रक, यांच्या रकान्यात काय आहे?

इथंच बहुतेक लोक फसतात. सीटीआरआयवर नोंद असणं म्हणजे सरकारी मान्यता नव्हे, ती फक्त नोंदवही आहे. नव्या औषधाच्या ट्रायलला ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९’ खाली डीसीजीआयची परवानगी वेगळी लागते. अनोळखी पेशी किंवा नवं औषध देणार असतील आणि त्या रकान्यात ‘नॉट अॅप्लिकेबल’ असेल, तर तिथं पाऊल टाकण्याआधी त्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीला लेखी विचारा.

आता रिपोर्टाचं. तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. डिस्ट्रॉफिन या स्नायूतल्या प्रथिनाच्या जनुकात ७९ एक्सॉन, म्हणजे तुकडे, असतात, रेल्वेच्या डब्यांसारखे एकाला एक जोडलेले. भाच्याचे ४८, ४९, ५० हे डबे नाहीत. ४७ चं कपलिंग ५१ ला बसत नाही, म्हणून गाडी तिथंच तुटते आणि प्रथिन तयार होत नाही. ५१ वगळला तर ४७ ला ५२ बरोबर बसतो आणि थोडं आखूड का होईना, प्रथिन बनू शकतं. म्हणून तो ‘एक्सॉन ५१ स्किपिंग’च्या ट्रायलला लागू पडतो. एक्सॉन ४५ किंवा ५३ च्या ट्रायलला नाही, तिथं अर्ज करून वेळ घालवू नका. या प्रकारचं पहिलं औषध, एटेप्लिर्सेन, अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. स्नायूतलं डिस्ट्रॉफिन थोडंसं वाढतं एवढ्याच आधारावर ती मंजुरी होती, आणि युरोपने २०१८ मध्ये नाकारली. हे मुद्दाम सांगतो, कारण घरात ‘औषध मिळालं की पोऱ्या धावेल’ अशी आशा बांधली जाते. आज ट्रायलमधून अपेक्षा धरायची ती झीज मंदावण्याची.

पुढचं पाऊल म्हणजे मुंबईचं केईएम. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ खालच्या सेंटर ऑफ एक्सलन्सपैकी ते एक आहे आणि ड्यूशेन त्या धोरणात तिसऱ्या गटात येतो. धोरणाखाली उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ती आणि ट्रायल या दोन वेगळ्या गोष्टी, एकासाठी दुसरी अडत नाही. पण तिथल्या जेनेटिक्सच्या ओपीडीत नाव आणि रिपोर्ट नोंदलेले असले तर नवी ट्रायल आल्यावर कुणाला बोलवायचं हे तिथल्या डॉक्टरांना कळतं.

फिजिओ, धुळे

वरचं सगळं बरोबर. मी दोनच गोष्टी सांगते, कारण यातच मुलं स्क्रीनिंगला, म्हणजे भरतीआधीच्या तपासणीला, बाद होतात.

पहिली, स्टिरॉइडचा डोस. डिफ्लाझाकॉर्टचा नेहमीचा डोस दर किलोला ०.९ मिलिग्रॅम. २४ किलोला साधारण २१ ते २२ मिलिग्रॅम होतो. भाच्याला १८ चालू आहे, म्हणजे किलोला ०.७५. हा डोस मुद्दाम कमी ठेवलाय की वजन वाढलं आणि चिठ्ठी जुनीच राहिली, हे न्यूरॉलॉजिस्टला आत्ताच विचारा. कारण बहुतेक ट्रायलमध्ये स्क्रीनिंगच्या आधीचे ३ किंवा ६ महिने डोस स्थिर असावा लागतो. ट्रायल उघडल्यावर डोस बदलला तर ते महिने पुन्हा पहिल्यापासून मोजतात आणि तोवर भरती बंद होते. आणि स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. रोजच्या स्टिरॉइडमुळे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असतं. एकदम थांबवलं किंवा उलट्यांमध्ये गोळी पोटात टिकली नाही, तर रक्तदाब कोसळू शकतो.

दुसरी, चालण्या-उठण्याच्या चाचण्या. नॉर्थ स्टार नावाच्या चाचणीत १७ कृती असतात: उभं राहणं, एका पायावर उभं राहणं, पायरी चढणं-उतरणं, टाचांवर उभं राहणं, उडी, जमिनीवरून उठणं वगैरे. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, एकूण ३४. शिवाय जमिनीवरून उठायला लागणारे सेकंद, १० मीटर पळणं, आणि सहा मिनिटांत चालून झालेलं अंतर. ट्रायलला बाळ फार बरं असलेलंही चालत नाही आणि फार थकलेलंही चालत नाही, एक पट्टा ठरलेला असतो. बऱ्याच ठिकाणी चाचणी दोनदा घेतात आणि दोन आकड्यांत फार फरक पडला तर मूल बाद होतं.

हा फरक का पडतो? चोपड्याहून एसटीने जळगाव, जळगावहून रात्रीची गाडी, पहाटे मुंबई, फलाटावर तोंड धुऊन नऊ वाजता थेट चाचणी. अशा सकाळी मूल नेहमीपेक्षा दोन सेकंद उशिरा उठतं. दुसऱ्या दिवशी झोप झालेली असते आणि आकडा सुधारतो. म्हणून एक दिवस आधी पोचा आणि तो मुक्काम ट्रायलच्या खर्चात मागा. नॉर्थ स्टार अनवाणी असते, सहा मिनिटांची चाचणी बुटांत. रोजच्या वापरातले, तळ न झिजलेले बूट न्या, आदल्या दिवशी घेतलेले नवे नकोत.

घरी ‘प्रॅक्टिस’ करून घेऊ नका, ही हात जोडून विनंती. जिना उतरणं, उठाबशा, उतारावर पळणं यांत स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि ड्यूशेनमध्ये असा स्नायू फाटतो. अशा व्यायामानंतर लघवी चहासारखी काळसर झाली तर तो धोक्याचा इशारा आहे, लगेच डॉक्टर गाठा. पोटऱ्यांचं हलकं स्ट्रेचिंग आणि रात्रीचे स्प्लिंट तेवढे चालू ठेवा. न्हाणीघरात ओली फरशी ठेवू नका, उंबऱ्यावर उतार करून घ्या. पायाचं एक फ्रॅक्चर झालं तर ट्रायल तर जातेच, पुष्कळदा चालणंही तिथंच थांबतं.

एथिक्स कमिटी सदस्य, जळगाव

मी कमिटीवर डॉक्टर नसलेला सदस्य आहे, तेव्हा तेवढ्याच बाजूने लिहितो.

संमतीपत्र हे सही करायचं कागद नाही, वाचायचं आहे. ते मराठीत मागा आणि घरी न्यायला मागा. भरती घाईत आहे असं सांगून त्याच बैठकीत सही मागत असतील तर उठून या. सही झालेली एक प्रत तुमच्याकडे राहिलीच पाहिजे, तो नियम आहे. त्यात मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, तो मोबाइलमध्ये लगेच साठवा. आईला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. तो ट्रायलशी संबंध नसलेला असावा. तुमच्या गावातला शिक्षक चालेल, ट्रायलची नर्स नाही. मूल वयाने लहान, म्हणजे ‘असुरक्षित गटात’ धरलं जातं. औषध अगदी नव्या रेणूचं असेल तर संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. कॅमेरा दिसला म्हणून बुजू नका, ते तुमच्या बाजूने आहे. तुमचे प्रश्न त्याच मुद्रणात विचारा, म्हणजे उत्तरंही नोंदली जातात.

आठ वर्षांच्या मुलाचीही संमती घ्यायची असते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. घरात अहिराणी बोलत असाल तर त्याला अहिराणीतच समजावा: सुई किती वेळा, कुठं, किती दुखेल. तो ‘नाही’ म्हणाला तर त्याच्या ‘नाही’ला किंमत आहे.

डमी औषधाचं विचारलंत. गट कोणता ते चिठ्ठ्यांसारखं यादृच्छिक ठरतं, डॉक्टरच्या हातात नसतं. विचारायचं ते असं: किती जणांना खरं औषध आणि किती जणांना डमी, दोनास एक की एकास एक? डमी गटाला शेवटी खरं औषध देणार का आणि किती आठवड्यांनी? स्टिरॉइड दोन्ही गटांत चालू राहणार ना? यातला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. उपलब्ध असलेला प्रस्थापित उपचार ट्रायलमध्ये दिला नाही आणि त्यामुळे नुकसान झालं, तर २०१९ च्या नियमांप्रमाणे ती ट्रायलमधली इजा धरली जाते.

इजेबद्दल. ट्रायलमध्ये इजा झाली तर मोफत उपचार संशोधकाच्या मते गरज असेपर्यंत, किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे ठरेपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर. इजा ट्रायलमुळे झाल्याचं ठरलं तर भरपाई वेगळी, प्रायोजकाकडून. गंभीर घटना घडल्यापासून २४ तासांत संशोधकाने डीसीजीआय, प्रायोजक आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. ‘घडल्यापासून’ या शब्दाकडे लक्ष द्या. पोऱ्याला डेंग्यू झाला आणि चोपड्यात भरती केलं तरी ती गंभीर घटनाच असते, औषधाशी संबंध दिसो वा न दिसो. तुम्ही फोन केला नाहीत तर कुणाला कळणार? आधी फोन, मग अॅडमिशनचे कागद, शेवटी डिस्चार्ज कार्डाची प्रत.

सोडता केव्हाही येतं. कारण द्यावं लागत नाही, आणि त्याच हॉस्पिटलमधले नेहमीचे उपचार त्यामुळे बंद करता येत नाहीत. तोवर जमलेली माहिती मात्र अभ्यासात राहते.

ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहील का, हेही संमतीपत्रात शोधा. फायदा झालाय, दुसरा पर्याय नाही, संशोधकाने शिफारस केली आणि कमिटीने मान्य केलं, तर प्रायोजकाने ते मोफत द्यावं असा नियम आहे. पण तेव्हा तुमच्याकडून, औषधाच्या परिणामांबद्दल प्रायोजक जबाबदार नाही, असं लेखी घेतलं जातं. ते वाचून सही करा.

चोपडेकर मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. मेसेजवाल्याला नंबर विचारला, त्याने फोन ठेवला. पैसे थांबवलेत.

अजून दोन शंका. दर आठवड्याला मुंबई असेल तर जमवायचं कसं? आणि काही ट्रायलमध्ये औषध घरी देतात म्हणे. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश आणि दुपारी वीज जाते.

भुसावळ फार्मसिस्ट

घरच्या औषधाचं आधी. बाटलीवर तापमान लिहिलेलं असतं. २ ते ८ अंशांचं असेल तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, तिथं सतत गरम-गार होतं. फ्रीझरच्या जाळीला टेकूनही नको, गोठलेलं औषध पुन्हा वितळलं तरी बऱ्याचदा निकामी झालेलं असतं. आणताना थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे जेल पॅक, त्यावर टॉवेलची घडी, मग बाटली. बर्फावर थेट बाटली ठेवू नका. बसच्या डिकीत टाकू नका. मांडीवर घेऊन बसा.

तापमान नोंदवणारं छोटं यंत्र दिलं असेल तर ते बाटलीजवळच राहू द्या. वीज गेली, काटा वर गेला, तर घाबरून लपवू नका. ती बाटली बाजूला ठेवा, डोस देऊ नका, कोऑर्डिनेटरला फोन करून वेळ आणि तापमान सांगा. वापरायची की बदलायची हे ते ठरवतात. फ्रिज दुपारी उघडायचा नाही, आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवायच्या, म्हणजे दोन-तीन तास गारवा टिकायला मदत होते. औषध २५ किंवा ३० अंशांखाली ठेवायचं असेल तर आपल्याकडे एप्रिलपासून घरातली कुठलीच फळी चालत नाही, हे ट्रायलवाल्यांना पहिल्याच भेटीत सांगा. मुंबईत बसलेल्याला ते सुचत नाही. रिकाम्या बाटल्या फेकू नका, परत मोजून घेतात. डायरीत चुकलेला डोस ‘चुकला’ असाच लिहा.

तिकिटांचं: एसटीच्या मशीनचं तिकीट उष्णतेने छापलेलं असतं, पाकिटात महिनाभर राहिलं की कोरं होतं. उतरल्याबरोबर फोटो काढा, मागे पेनने व्हिजिट नंबर आणि तारीख लिहा.

नंदुरबारहून, सिकल सेलच्या कामातून

थोडं विषयाबाहेर, पण आमच्या भागातून वाचणारे असतील म्हणून. सिकल सेलच्या ट्रायलमध्येही तोच नियम लावा. या रक्ताच्या आजारावर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध प्रस्थापित उपचार आहे. तो बंद करून या असं कुणी तोंडी सांगितलं तर लेखी मागा. संमतीपत्र मराठीत असलं तरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आईला ते वाचून दाखवणं म्हणजे समजावणं नव्हे. तिनं स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं की मगच अंगठा.

नाशिकचा कोऑर्डिनेटर

मामा, दर आठवड्याला सलाइनमधून औषध असेल तर त्याचा हिशोब कागदावर मांडा. ४८ आठवड्यांची ट्रायल म्हणजे ४८ फेऱ्या, दर फेरीला दोन रात्री. शाळा, आणि केळीची कापणी सुरू असताना सोबत कोण, हे आधी ठरवा. पहिल्या काही डोसनंतर जवळच्या हॉस्पिटलमध्ये सलाइन देण्याची सोय मूळ आराखड्यात आहे का, ते विचारा. नसेल तर ‘नंतर बघू’ यावर विसंबू नका, कारण त्यासाठी नवी मंजुरी लागते. प्रवासाचा कोणता वर्ग, सोबत किती जणांचा, बुडालेली मजुरी धरणार का, पैसे किती दिवसांत मिळणार, हे चारही मुद्दे सहीआधी पक्के करा.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. रेल्वे सवलतीचं ओळखपत्र त्याहून वेगळं असतं. सरकारी डॉक्टरच्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर ते रेल्वे देते. सोबतीशिवाय प्रवास न होणाऱ्याला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच.

जीन थेरपीचं नाव कानावर येईलच, म्हणून आताच लिहून ठेवतो. त्यात जनुक पोचवायला एएव्ही नावाचा विषाणू वाहक म्हणून वापरतात. तो एकदा शिरला की शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि त्या जातीच्या वाहकाचा दुसरा डोस चालत नाही. पुढच्या बऱ्याच ट्रायलची दारंही बंद होतात. संमती मागे घेता येते, दिलेला डोस मागे घेता येत नाही. २०२५ मध्ये अशा औषधानंतर, चालणं थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. म्हणून पहिली मिळेल ती घेऊ असं करू नका.

आणि मामा, एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा आहे. साधारण तीनपैकी दोन मुलांमध्ये तो आईकडून आलेला असतो. बहिणीची वाहक तपासणी, म्हणजे हा दोष तिच्यात आहे का ते, करून घ्या, त्याच एक्सॉन ४८ ते ५० साठी, एमएलपीएनेच. ती वाहक निघाली तर तिचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, वाहक स्त्रियांच्या हृदयालाही त्रास होऊ शकतो. आणि तुमची दुसरी बहीण असेल, लग्न ठरलेली असो वा दिवस गेलेले असोत, तिला हे आधी कळायला हवं.

चोपडेकर मामा

धाकटी बहीण आहे, अमळनेरला दिली आहे. तिला चौथा महिना आहे. तपासणी कुठं आणि किती लवकर?

नाशिकचा कोऑर्डिनेटर

याच आठवड्यात. भाच्याच्या एमएलपीए रिपोर्टाची पूर्ण प्रत घेऊन, सगळी पानं, नुसता निष्कर्षाचा कागद नाही, दोघी बहिणींना जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे एकत्र पाठवा. दोघींचंही रक्त ईडीटीएच्या नळीत, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या, एकाच दिवशी घ्यायला सांगा. मोठीचा रिपोर्ट येईपर्यंत धाकटीला थांबवून ठेवू नका. मोठी वाहक नाही असं आलं तरी धाकटीचा रिपोर्ट बघायचाच. धाकटी वाहक निघाली तर पुढं गर्भजलाची तपासणी करायची का, हे ती आणि तिचे मालक ठरवतील, पण ती ठरावीक आठवड्यांतच होते आणि रिपोर्टालाही दिवस लागतात. फोन करताना सरळ ‘चौथा महिना’ असं पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे तारीख पुढची देणार नाहीत.